घरगुती अर्कयंत्र: पहिलं यंत्र घेण्याआधी मुंबईकर विचारतात ते प्रश्न

मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी गेली काही वर्षं गुलाबपाणी, वाळ्याचं पाणी आणि गवती चहाचा अर्क काढते. ओळखीतून ओळख वाढत गेली आणि रोज कोणी ना कोणी फोनवर तेच ते विचारू लागलं. सगळ्यांना पुन्हा पुन्हा तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. प्रश्न शक्यतो ज्याने विचारला त्याच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. अर्कयंत्र, भबका, डेग, स्टिल... हे सगळं एकच का?

तत्त्व एकच. भांड्यात पाणी आणि फुलं-पानं उकळायची, वाफ नळीतून न्यायची, ती नळी थंड ठेवायची आणि वाफेचं परत पाणी होऊन दुसऱ्या भांड्यात पडू द्यायचं. कनोजचे अत्तरवाले उकळायच्या तांब्याच्या भांड्याला डेग म्हणतात आणि गार पाण्यात ठेवलेल्या, वाफ झेलणाऱ्या भांड्याला भपका. आयुर्वेदाच्या औषधशाळेत तेच अर्कयंत्र होतं, इंग्रजीत स्टिल. घरगुती यंत्राचे तीन भाग धरा: खालचं भांडं, वरचं झाकण किंवा घुमट, आणि वाफ थंड करणारा भाग. या तिसऱ्या भागाला सगळे कंडेन्सर म्हणतात, मीही तेच म्हणते. जे थेंब थेंब पडतं तो अर्क. त्यावर कधी कधी तेलाचा पातळ तवंग येतो.

२. यात घरी दारू गाळता येईल का? खरं तर त्यासाठीच यंत्र बघतोय.

नाही. दर चार फोनांत एक हाच असतो, म्हणून उत्तर वरच ठेवलं आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. त्यासाठी भट्टी उभारणं किंवा त्या हेतूने यंत्र, भांडी, कच्चा माल बाळगणं हाही गुन्हाच. शिक्षा तुरुंगवासाची आहे. स्वतःपुरती, एकच बाटली, विकणार नाही, यातल्या कशानेही फरक पडत नाही. दुकानातून आणलेली रम किंवा वाइन पुन्हा यंत्रातून काढणं हेही त्यातच मोडतं.

कायदा बाजूला ठेवला तरी मुंबईच्या खोलीत हे करू नका. अल्कोहोलची वाफ पेट घेते. बंद स्वयंपाकघरात गॅसच्या ज्योतीपाशी एखादा जोड गळला तर सावरायलाही वेळ मिळत नाही. पाण्याच्या वाफेने हात भाजतो, अल्कोहोलच्या वाफेने घर पेटतं. या पानावरचं पुढचं सगळं पाणी आणि वनस्पती यांच्यापुरतंच आहे.

३. पण माझ्याकडे परमिट आहे. आणि गोव्यात तर घरोघरी भट्ट्या चालतात!

परमिट दारू विकत घेण्याचं, बाळगण्याचं आणि पिण्याचं आहे, बनवण्याचं नाही. गोव्याचा अबकारी कायदा वेगळा आहे. तिथे काजूच्या हंगामात भट्टीवाले परवाना घेऊन उर्राक आणि फेणी काढतात. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या भट्टीवर एक दिवस जाऊन बसा, मातीच्या आणि तांब्याच्या भांड्यांबद्दल पुष्कळ शिकायला मिळेल. ती परवानगी मात्र सावंतवाडीच्या पलीकडेच राहते, तुमच्यासोबत मुंबईला येत नाही.

४. मग नुसतं यंत्र घरात ठेवलं तर पोलीस येतील का? सोसायटीत लोक बोलतील.

गुन्हा हेतूवर ठरतो. गुलाबपाण्याचं यंत्र बाळगणं गुन्हा नाही. पण कायद्यात अशीही तरतूद आहे की, दारू गाळायला सर्रास वापरली जाणारी साधनं कोणाकडे सापडली आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा गृहीत धरता येतो. म्हणून बिल जपून ठेवा. त्यावर उपयोग लिहून घ्या: ‘सुगंधी अर्कासाठी’. यंत्राशेजारी गूळ-यीस्ट घालून आंबवत ठेवलेला डबा असू देऊ नका, ताडीसुद्धा नको.

सोसायटीचं म्हणाल, तर मी पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंना बोलावून समोर बसवलं आणि पहिली बाटली त्यांनाच दिली. तेव्हापासून मजल्यावर वाळ्याचा वास पसरला की माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन दारात येतात.

५. पहिलं यंत्र किती लिटरचं घ्यावं?

पाच लिटरचं. तीनचं घेतलं तर फुलं दाबून कोंबावी लागतात आणि एखादी पाकळी वर नळीच्या तोंडाशी जाऊन अडकते. दहाचं मुंबईत दोन ठिकाणी अडतं, ओट्यावर आणि पाण्यापाशी.

भांडं कधीही दोन तृतीयांशाच्या वर भरायचं नाही. म्हणजे पाच लिटरच्या भांड्यात साधारण अर्धा किलो पाकळ्या आणि दोन लिटर पाणी. त्यातून चांगला, दाट वासाचा अर्धा लिटर अर्क घ्यायचा आणि थांबायचं. पुढे निघतं ते जवळजवळ नुसतं पाणी असतं, आणि ते मिसळलं की आधीचाही वास पातळ होतो.

घेण्याआधी ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतची उंची मोजा. शेगडी, भांडं, घुमट आणि त्यावरची वळलेली नळी एवढं सगळं त्या उंचीत बसायला हवं. भांड्याचं तोंड तुमचा हात मनगटापर्यंत आत जाईल एवढं रुंद असू दे. शिजलेल्या पाकळ्यांचा चोथा हातानेच काढावा लागतो. अरुंद गळ्याचं यंत्र दिसायला देखणं असतं, पण चार फेऱ्यांनंतर माळ्यावर जातं.

६. तांबं, स्टील की काच?

रोज वापरायचं असेल आणि निगा राखायला वेळ नसेल तर स्टील, ३०४ ग्रेडचं. ते कशालाही दाद देत नाही, लिंबाच्या सालीलाही नाही.

तांब्याचा खरा फायदा वासात आहे. पानं-फुलं उकळताना गंधकाची संयुगं सुटतात आणि ताज्या अर्काला शिजवलेल्या कोबीसारखा दर्प येतो. तांबं ती संयुगं धरून ठेवतं. गुलाब आणि तुळशीला हा फरक नाकाला लगेच कळतो. बदल्यात काम पडतं. दर वेळी चिंच किंवा लिंबू-मीठ लावून घासायचं आणि अगदी कोरडं करून ठेवायचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत ओलं तांबं दोन दिवसांत हिरवं पडतं, आणि तो हिरवा थर पोटात जाऊन चालत नाही. अर्कही तांब्यात साठवायचा नाही, लगेच काचेत ओतायचा.

काचेत आतलं सगळं दिसतं, शिकायला त्याइतकं छान काही नाही. बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी काचच घ्या. पण एक धक्का लागला की संपलं, आणि सुटा भाग मिळेपर्यंत काम बंद. पहिलं यंत्र म्हणून मी काच सुचवत नाही. अ‍ॅल्युमिनियम तर नकोच.

मला विचाराल तर स्टीलचं भांडं आणि तांब्याचा घुमट व नळी ही जोडी घ्या. वाफ तांब्याला लागते आणि घासायचं काम निम्म्यावर येतं. तांब्याच्या यंत्रात सांधे कशाने जोडलेत ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. शिसं असलेला डाख असेल तर ते यंत्र सोडून द्या.

७. सगळी यंत्रं सारखीच दिसतात. नेमकं काय बघून निवडू?

कंडेन्सर बघा. लोक भांड्याची चकाकी बघतात, मीही तेच केलं. माझं पहिलं यंत्र घरपोच मागवलेलं, नक्षीदार, तांब्याचं, तीन लिटरचं होतं. त्याची गार करायची नळी जेमतेम वीतभर. पहिल्याच गुलाबाला अर्धी वाफ तशीच बाहेर पडली. सगळं घर सुगंधी झालं, बाटलीत मात्र वास नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं त्या दिवशी.

आता हिशोब बघा, मुंबईसाठी तो फार महत्त्वाचा आहे. एक लिटर वाफेचं पाणी करून ते कोमट करायचं तर साधारण २५०० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. आपल्या टाकीतलं पाणी बहुतेक महिने ३० अंशांच्या आसपास असतं. ते ५० अंशांपर्यंत तापू दिलं तर एक लिटर पाणी ८४ किलोज्यूल घेतं. म्हणजे एक लिटर अर्कासाठी तीस लिटर थंड पाणी. अर्ध्या लिटरसाठी पंधरा लिटर, म्हणजेच आपली एक बादली. पाच लिटरचं यंत्र मी सुचवते ते यासाठी. बहुतेक इमारतींना महापालिकेचं पाणी ठरावीक वेळच येतं, तिथे नळ सोडून कंडेन्सर गार करणं मनाला पटत नाही. बादलीत कूलरचा छोटा पंप सोडा आणि तेच पाणी फिरवत राहा. एक किलो बर्फ घातला तर तो सहा-साडेसहा लिटर पाण्याचं काम करतो. शेवटी उरलेल्या गरम पाण्यात मी भांडी घासते.

म्हणून यंत्र हातात घेतलं की तीन गोष्टी तपासा. गुंडाळीची नळी दीड-दोन मीटर तरी हवी. तिचा उतार सलग हवा, कारण मध्ये खोलगट जागा राहिली तर तिथे अर्क साचून नळी गुळण्या टाकते. आणि थंड पाणी खालून आत, वरून बाहेर अशी तोंडं हवीत. झाकणावर नुसती पाण्याची वाटी असलेलं यंत्र आपल्या हवामानात पुरत नाही, दर पाच मिनिटांनी पाणी बदलत बसावं लागतं.

८. गॅस की इंडक्शन?

पूर्ण तांब्याचं भांडं नेहमीच्या इंडक्शनवर तापत नाही. बुड चुंबक चिकटणाऱ्या स्टीलचं असेल तर चालतं. इंडक्शनवर आच हव्या त्या आकड्यावर ठेवता येते आणि ज्योत नसते, म्हणून माझी पसंती त्याला. एका लिटरमागे अंदाजे एक युनिट वीज जाते. गॅसवर करायचं तर खाली जाड तवा ठेवा, नाहीतर पाकळ्या बुडाला करपतात आणि अख्ख्या अर्काला जळका वास येतो.

९. प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावली तर? यंत्राचा खर्च वाचेल.

बरेच जण असंच करतात. दोन अटी पाळा: सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर राहू द्या, आणि कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. शिट्टीचं भोक बारीक असतं. त्यात एक पान अडकलं की आत दाब चढतो. पानं फडक्यात सैल बांधून घाला. याने मन भरणार नाही ते वेगळ्याच कारणाने: कुकरच्या रबरात वर्षानुवर्षांची आमटी मुरलेली असते आणि ती गुलाबात उतरते. नवी रिंग आणा आणि ती याच कामाला ठेवा. नळी सिलिकॉनची घ्या, साधी प्लास्टिकची किंवा बागेची नको.

१०. जोडातून वाफ गळते. कशाने बंद करू?

कणकेने. घट्ट मळलेली कणीक सांध्यावर लिंपा, तापली की ती स्वतःच कडक होते. कनोजला मुलतानी माती आणि कापूस लावतात, तेही चालतं. एम-सील किंवा कुठलाही रासायनिक डिंक अर्काच्या वाटेत येऊ देऊ नका.

कणकेचा आणखी एक उपयोग आहे. कुठे अडथळा आलाच तर आधी ती सुटते, भांडं फुटत नाही. म्हणून सांधे नट-बोल्टने आवळू नका. नळीच्या शेवटी तोटीही बसवू नका आणि बाटलीचं तोंड बुचाने बंद करू नका. नळीचं टोक जमलेल्या अर्कात बुडालेलं असू नये. शेगडी बंद केल्यावर भांडं निवतं आणि अर्क उलटा आत ओढला जातो.

११. एक किलो गुलाबातून किती तेल निघेल?

पाच-सहा थेंब. तेही बहुतेक कंडेन्सरच्या भिंतीलाच चिकटून राहतील. एक किलो गुलाबतेलाला सुमारे चार टन पाकळ्या लागतात. घरगुती यंत्र गुलाबपाण्यासाठी घ्या, गुलाबतेलासाठी नको.

तेलच बघायचं असेल तर गवती चहापासून सुरुवात करा. एक किलो ताज्या पातीतून दोन ते चार मिली निघतं. निलगिरीची पानं त्याहून उदार. पिवळसर तवंग पहिल्यांदा डोळ्यांनी बघणं हा एक वेगळाच आनंद आहे, तो प्रत्येकाने घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

१२. लवंग, वाळा, ओवा, संत्री, मोगरा: सगळं एकाच यंत्रात चालेल ना?

यंत्र तेच, पण वागणं प्रत्येकाचं वेगळं.

लवंगेचं आणि दालचिनीचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसतं. वर काही दिसत नाही म्हणून लोक निराश होऊन सगळं ओतून देतात. काचेच्या उभ्या, अरुंद भांड्यात एक रात्र ठेवा आणि तळ बघा.

वाळा आदल्या रात्री भिजवावा लागतो आणि त्याला घाई चालत नाही. तेल काढणारे कारखाने मुळं दिवस-दिवस चालवतात. घरी तीन-चार तासांत सुंदर पाणी मिळतं, तेलाची आशा सोडा.

ओव्यात थायमॉल असतं, तेच आपलं ओव्याचं फूल. ते पन्नास अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे बर्फाच्या पाण्यात नळीतच खडे धरण्याची शक्यता असते. ओव्याला बर्फ नको, साधं पाणी वापरा आणि ते कोमट होऊ द्या. बडीशेपेलाही बर्फ घालू नका.

संत्र्याच्या सालीचं तेल उकळून काढण्यापेक्षा पिळून काढलेलंच सरस. आणि मोगरा! मुंबईत सगळ्यांना मोगराच हवा असतो. त्याचा जिवंत वास उकळताना टिकत नाही, हातात येतं ते शिजलेल्या फुलांचं पाणी. मोगऱ्याची ताजी फुलं तिळाच्या तेलात रोज बदलत मुरवा, यंत्र तेव्हा माळ्यावर राहू द्या.

१३. पहिला थोडा अर्क फेकायचा असतो म्हणे, त्यात मिथेनॉल असतं म्हणून?

ही गोष्ट दारूच्या भट्टीवरून आली आहे. ताज्या पाकळ्या आणि पाणी यात आंबवणं नसतं, त्यामुळे इथे तो प्रश्न येत नाही. उलट गुलाबाचा पहिला भागच सगळ्यात सुगंधी असतो. फेकायची असते ती नव्या यंत्राची पहिली फेरी. नुसतं पाणी आणि थोडं व्हिनेगर उकळून ते सगळं ओतून द्या, म्हणजे कारखान्यातलं तेल आणि पॉलिश निघून जाईल.

अपवाद एक: मे महिन्यात पाण्यात रात्रभर भिजत ठेवलेल्या पाकळ्या आंबू लागतात. आणल्या दिवशीच काढा, नाहीतर फ्रीजरमध्ये ठेवा.

पण समज दारूबद्दलचाच असेल तर तोही धोक्याचा आहे. मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, ७८.४ अंशांना, तरी मिश्रणात ती दोन्ही एकत्रच वर येतात. पहिला घोट फेकला की उरलेलं निर्धोक, असं होत नाही. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. ते वासाने ओळखता येत नाही, चवीनेही नाही. बाकी उत्तर २ मध्ये आहे.

१४. मुंबईत यंत्र कुठे बघायला मिळेल?

काचेची उपकरणं प्रिन्सेस स्ट्रीटच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत मिळतात. तांब्या-पितळेसाठी भुलेश्वर आणि तांबाकाट्याची भांडीबाजाराची बाजू पायी फिरा. तयार अर्कयंत्र तिथे मिळेलच असं नाही, पण रुंद तोंडाचं भांडं आणि घुमट करून देणारा कारागीर गाठता येतो. पुण्याला जाणं होत असेल तर कसब्यातल्या तांबट आळीत चौकशी करा. जाताना कागदावर मापं काढून न्या: भांड्याची उंची, तोंडाचा व्यास, नळीची लांबी. ‘असं काहीतरी’ म्हणून सांगितलं तर काहीतरीच मिळतं.

१५. दादरच्या फुलबाजारातले गुलाब चालतील का?

वासाचा देशी गुलाब असेल तर चालतील. लांब दांड्याचे, बुकेवाले गुलाब नकोत, त्यांना वासच नसतो. बाजारातली फुलं सजावटीसाठी पिकवलेली असतात, त्यांवर फवारणी झालेली धरूनच चाला. त्यांचं पाणी मी खोलीत शिंपडते किंवा देवघरात वापरते, खाण्यात किंवा डोळ्यांत कधीच नाही. चेहऱ्याला आणि सरबताला हवं असेल तर फवारणी न केलेली, स्वतःच्या कुंडीतली किंवा शेतकऱ्याकडून विचारून आणलेली फुलं घ्या. पहाटे जा, ऊन चढलं की वास उडालेला असतो.

१६. अर्क किती दिवस टिकतो?

उकळून कोरड्या केलेल्या गडद काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, दोन-तीन महिने. बाहेर ठेवला तर पावसाळ्यात आठवड्यातच आत तरंगते तंतू दिसू लागतात. दिसले की ओतून द्या, गाळून वापरू नका.

१७. थोडं विकता येईल का? दिवाळीला लोक मागतात.

चेहऱ्याला लावायचं म्हणून विकलं तर ते सौंदर्यप्रसाधन ठरतं आणि बनवायला परवाना लागतो. पोटात घ्यायचं म्हणून विकलं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. दोन्हींची चौकशी अन्न व औषध प्रशासनाकडे करा. भेट द्यायला काही लागत नाही, फक्त बाटलीवर तारीख आणि कुठल्या फुलांचं ते लिहा.

१८. याच यंत्रातून इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी काढता येईल?

स्टील किंवा काचेच्या यंत्रातून येईल. तांब्यातून नको, तांब्याचा अंशही बॅटरीला बाधतो.

१९. आजीचं जुनं तांब्याचं घंगाळ आहे. त्यालाच घुमट बसवून यंत्र केलं तर?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं. घंगाळाला तोंड रुंद, बूड जाड आणि तांबं आजच्या पत्र्यापेक्षा भारी असतं. पण आधी ते तांबटाला दाखवा. जुन्या भांड्यांना डाख दिलेले असतात आणि त्या डाखांत शिसं असू शकतं. असा डाख वाफेच्या किंवा पाण्याच्या वाटेत असेल तर तो काढून चांदीच्या डाखाने पुन्हा जोडून घ्यायचा. आतून कल्हई असेल तर ती शुद्ध कथलाची आहे ना, हे विचारा. शंका असेल तर खरवडून नवी करून घ्या. कड्या काढू नका, गरम भांडं उतरवताना त्या लागतात. आणि माप घ्या: घंगाळ बहुतेक वेळा पंधरा-वीस लिटरचं निघतं. तेवढं भरायचं तर उत्तर ७ मधल्या हिशोबाने तीन-चार बादल्या पाणी लागेल. ते मुंबईत जमत नसेल तर घंगाळात खाली जाळी ठेवा, तीन लिटर पाणी आणि वर पाऊण किलो पाकळ्या घाला, आणि दीड बादलीत काम आटपा. पाकळ्या पाण्याला न लागता वाफेवरच राहतात, त्यामुळे करपतही नाहीत.